चैत्र-वैशाखातला फेरा

उन्हाळ्याची सुटी लागली की घराघरांतून सहलीचे बेत निघू लागतात. कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी माथेरान म्हणतो, आणि ज्यांचा हात जरा सैल आहे ते थेट काश्मीरच्या गोष्टी करतात. अशा दिवसांत एखाद्याने, "आम्ही आपल्या बीड जिल्ह्यातच फिरायला निघालोय, तेसुद्धा एप्रिल-मेच्या उन्हात," असे सांगितले, तर ऐकणारा कपाळाला हात लावील. आमच्या मंडळींनी पहिल्या वर्षी तो लावलाच होता. "काय बघायचं तिथं? पाण्याचे टँकर?" असा त्यांचा सवाल होता.

त्यांचे अगदीच चुकले होते, असे मला म्हणवत नाही. १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला, आणि २०१२-१३ साली मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेलेल्याही पाहिल्या. तरीपण सांगतो, आमच्या या भागात फळाची खरी गोडी कळायची असेल तर ती याच दिवसांत कळते. चार महिने पाऊस पडतो तिथे फळ गोड लागले तर नवल कसले? इथे जमीन तापून लाल झालेली असते, ओढे कोरडे पडलेले असतात, आणि एखाद्या बांधावर आंबा मात्र हिरवागार उभा असतो, अंगाखांद्यावर हजार फळे घेऊन. ते पाहायला म्हणून मी दर वर्षी दोन फेऱ्या करतो. एक चैत्रात, एक वैशाखात. सगळा प्रवास रस्त्याने. रेल्वेचा आम्हाला सराव कुठला? परळीला ती फार पूर्वीपासून होती, पण बीड शहराने आगगाडी पाहिली ती २०२५ च्या सप्टेंबरात, अहिल्यानगरकडून आलेली. तोवर आमचे सारे जाणे-येणे बैलगाडीने, मग लाल एस.टी.ने, आणि आता ज्याच्या त्याच्या मोटारीने.

माझा मार्ग ठरलेला आहे. बीडहून उत्तरेला गढी, तिथून उजव्या हाताला वळून माजलगाव, मग तेलगाव, धारूरचा घाट, वर चढून केज, आणि नेकनूर, मांजरसुंबा करीत संध्याकाळी परत बीड. म्हणजे खाली सिंदफणा-गोदावरीचा सखल काळा मुलूख आणि वर बालाघाटचा डोंगर, असे जिल्ह्याचे दोन्ही मजले एका दिवसात पाहून होतात. निघायचे मात्र तांबडे फुटायच्या आत. अकराच्या सुमाराला कुठल्या तरी झाडाची सावली धरायची, चार वाजेपर्यंत तिथून हलायचे नाही. बरोबर सामान थोडे: एक धारेची सुरी, मीठ-तिखटाची पुडी, पाण्याचा मोठा कॅन, ओले फडके आणि दोन रिकामी पोती. पोती कशाला ते पुढे कळेल.

चैत्रातला फेरा टरबुजांचा. पुण्या-मुंबईकडे त्याला कलिंगड म्हणतात, आम्ही टरबूजच म्हणतो. माझ्या लहानपणी टरबूज खायचे म्हणजे नदीवर जावे लागे. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. आमचे वडील चैत्रात एखाद्या दिवशी गाडी जुंपून आम्हा भावंडांना तिथे नेत. नदीचे पात्र विस्तीर्ण, मधे पाण्याची एक बारीक धार, आणि दोन्ही अंगांना पांढऱ्या वाळूत हिरव्या वेलांच्या वाड्या. पावसाळ्याचा पूर ओसरून नदी निवळली की भोई मंडळी वाळूत हातभर खड्डे घेत, त्यांत शेणखत भरीत आणि बी टोकीत. वाळू वरून तापलेली, पण हातभर खाली ओल. वेल ती ओल शोधीत खाली जाई आणि वर फळ गोडाने फुटायला येई. पाणी देण्याचे काम नाही, विहीर नाही, मोट नाही. वाडीवालीण टरबुजावर बोटाने टिचकी मारी, कान देई, आणि "हे न्या," असे म्हणून आईच्या हाती देई. ती कधी चुकलेली मला आठवत नाही.

त्या वाड्या आता जवळजवळ गेल्याच. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. धरणाने आमच्या जिल्ह्याला कालवे दिले, माजलगावला दुसरे धरण दिले, ऊस दिला. याबद्दल तक्रार करणारा मी कोण! पण खालच्या नदीचा स्वभाव बदलला. पाणी केव्हा सुटेल, केव्हा थांबेल याचा नेम राहिला नाही. पुढे बंधारे झाले, पात्रात पाणी उभे राहू लागले. आणि जिथे पाणी नव्हते तिथली वाळू ट्रकांत बसून शहरांत घरे बांधायला गेली. वाळू नाही तर वाडी कसली!

आता टरबूज शेतात होते. काळ्या रानात गादीवाफे घालतात, त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, खालून ठिबकची नळी जाते, आणि सत्तर-पंचाहत्तर दिवसांत फळ काट्यावर चढते. तरुण शेतकरी हे पीक हौसेने घेतात, कारण पैसा लवकर मोकळा होतो. नाही तर लवकर बुडतो. व्यापाऱ्याची गाडी दोन दिवस उशिरा आली की माल उन्हाने पांढरा पडतो, आणि मग तोच शेतकरी रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसतो. तुम्ही-आम्ही मोटार थांबवायची ती अशा ढिगापाशी. भाव करायला हरकत नाही, पण जरा हात राखून करा. समोर बसलेला माणूस दुकानदार नसतो.

आणि घेताना पारखून घ्या, बरं का! वाडीवालीची ती टिचकी सगळ्यांना साधत नाही, म्हणून सोपी खूण सांगतो. फळ उलटे करून पाहा. जिथे ते जमिनीला टेकलेले असते तिथे डाग असतो. तो पिवळा असला तर फळ वेलावर पिकले आहे, पांढरा-हिरवट असला तर घाईने तोडले आहे. देठाजवळची वेलाची तार सुकलेली हवी. खरबुजाला एवढेही नको. ते पिकले की वेलाच्या देठापासून आपण होऊन सुटते आणि बुडखा नाकाशी नेला की सांगून टाकते.

अशाच एका ढिगापाशी, तेलगावच्या अलीकडे, २०२४ च्या चैत्रात आम्ही थांबलो होतो. तेवढ्यात एक ट्रक येऊन उभा राहिला. ऊसतोडीहून परतणारी मंडळी. ज्यांनी ती ट्रक भरून येणारी माणसे पाहिली नाहीत त्यांना बीड जिल्हा कळला, असे मी म्हणणार नाही. दिवाळीच्या आगेमागे इथली गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पाच-सहा महिने फडात राबतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. ट्रकात पत्र्याच्या पेट्या, चूल, गोधड्या, डालग्यात कोंबड्या, एक शेळी आणि या सगळ्यावर बसलेली पोरे. एका बाईने चार टरबुजे घेतली आणि तिथेच दगडावर आपटून फोडली. पोरे तोंड घालून खाऊ लागली. आमच्या मंडळींनी त्यांना सुरी देऊ केली, तेव्हा ती बाई हसली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. सहा महिने हातात धारच व्हती." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "उसाचा आता वाससुदिक नको वाटतो. ह्ये बरं लागतंय, पान्यासारखं." तिने आम्हाला एक फाक दिली. आम्ही पैसे देऊन घेतलेले टरबूज तिथेच होते, पण आठवण राहिली ती त्या फाकेची.

चैत्रातल्या दुसऱ्या फळाचे, रामफळाचे, एका वाक्यात सांगतो: रामनवमीच्या सुमारास एखाद्या बाजारात म्हातारी पाटीत सात-आठ रामफळे घेऊन बसलेली दिसली, तर ती सगळी घ्या, बागा नाहीत, परसातले एखादे झाड असते. त्याचे धाकटे भावंड सीताफळ मात्र उन्हाळ्यात शोधू नका. बालाघाटच्या उतारांवर या दिवसांत जी निष्पर्ण, काटकुळी झुडपे दिसतात ना, तीच ती सीताफळे. पाऊस पडला की ती जागी होतात आणि दसरा-दिवाळीला फळ देतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे, आणि 'धारूर-६' नावाचा वाण आमच्या डोंगराचे नाव घेऊन फिरतो. मौज अशी, की ज्या फळाने जिल्ह्याला नाव दिले ते मूळचे अमेरिकेतले, टरबूज आफ्रिकेतले, आणि अगदी आपल्या मुलखाचा म्हणावा तो आंबा. त्याचीच आज आम्हाला किंमत नाही. माझा वैशाखातला फेरा त्या आंब्यासाठी असतो.

हा फेरा अक्षय तृतीयेनंतर. आमच्याकडे पितरांना आंब्याचा रस वाढल्याखेरीज घरात आंबा खायचा नाही अशी रीत होती. अजूनही माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती पाळते. तेलगाव सोडले की समोर धारूरचा घाट दिसू लागतो. घाटाखालच्या एका गावात आमचे आजोळ. तिथवर पोचेतो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुम्हाला केशर आंब्याच्या बागा दिसतील. सारख्या उंचीची, ओळीत लावलेली, खाली नळ्या फिरवलेली झाडे. केशर मूळचा जुनागडचा. १९३४ साली तिथल्या नवाबांनी गराचा रंग पाहून त्याला हे नाव दिले, असे सांगतात. आमच्याकडे तो फैलावला १९९० नंतर, रोजगार हमीला जोडून सरकारने फळबाग लागवडीची योजना आणली तेव्हा. आता मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन मिळाले आहे. फळ उत्तमच आहे. मी त्याची निंदा करणार नाही. घ्या, पण बागेतून घ्या. तोडलेला कच्चा आंबा घरी गवतात आढी घालून पिकवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे, तरी डोळ्यांत तेल घालून पाहिलेले बरे. सगळ्या पेटीवर एकसारखा पिवळा रंग आणि वासाचा पत्ता नाही, असा आंबा मुकाट्याने परत ठेवावा.

पण केशरच्या हजार झाडांचा आंबा एकाच चवीचा. आणि गावरान म्हणाल, तर जितकी झाडे तितक्या चवी. याला कारण आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप निघते, आणि त्याच्यात आईबरोबर कुठल्या तरी दुसऱ्या झाडाचाही अंश असतो. म्हणून गोड आंब्याची कोय लावली की गोडच झाड येईल असे नाही. प्रत्येक गावरान झाड आपल्या जातीचे एकटेच असते. आपल्या वाडवडिलांना ही विद्या कोणी शिकवली नव्हती, पण ती त्यांना ठाऊक होती. म्हणून तर त्यांनी प्रत्येक झाडाला माणसासारखे नाव ठेवले. लाल चढतो तो शेंदऱ्या, साखरेसारखा तो साखऱ्या, खोबऱ्यासारखा गर तो खोबऱ्या, लांबोडका केळ्या, वाटोळा लहान गोट्या. एका झाडाचा रस, एकाचे लोणचे, एकाचा नुसता चोखायचा. आमच्या आजोळच्या बांधावर होता तो शेप्या. त्याच्या आंब्याला शेपूचा वास यायचा. ऐकून नाक मुरडू नका. पहिला आंबा नवख्याला आवडत नसे, दुसरा तो मुकाट्याने घेई, आणि तिसऱ्यासाठी हात पुढे करी.

२०२२ च्या वैशाखात अक्काने हट्ट धरला. "शेप्याचा पाड पडला असंल. मला ने." ती त्या वेळी ऐंशीची होती, गुडघे दुखायचे, पण मोटारीत ती पुढे बसली आणि घाट दिसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आम्ही पोचलो तेव्हा मामेभावाचा मुलगा झाडाखालीच होता. झाडाच्या बुंध्याला पांढऱ्या चुन्याचा पट्टा ओढलेला. मी खेड्यातच वाढलेला माणूस, मला विचारायची गरज नव्हती. लाकडाचा व्यापारी माप घेऊन गेला होता.

"परवानगीचं काय?" मी विचारले. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. आपल्या रानातलाही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

"अर्ज दिलाय, तात्या. मिळंल."

मास्तर माणसाची खोड. मी त्याला पाच मिनिटे झाडाचे महत्त्व सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तात्या, वाटण्या झाल्या. मला तीन एकर आलं. ह्याच्या सावलीत चार गुंठं सोयाबीन येत न्हाई. फळ वर्साआड. आन् आलं तर उतरवायला चढणारा गडी मिळंना. बाजारात नेलं तर गिऱ्हाईक म्हनतंय, केशर हाय का? तुम्ही वर्सातून एकदा येता, डझनभर आंबं खाता, लई ग्वाड म्हनता. मी काय करू सांगा."

श्रोतेहो, त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आपण शहरातली, नोकरीतली माणसे गावरान आंब्याविषयी हळहळतो, पण ती हळहळ त्याच्या उताऱ्यावरचा बोजा कमी करीत नाही. चौपदरी रस्त्यासाठी बीडच्या वाटेवरची जुनी झाडे गेली, तेव्हाही आपण हळहळलो आणि मग त्याच गुळगुळीत रस्त्यावरून गाडी पळवली. मी त्याच्याकडे पाहिले, आणि गप्प बसलो.

अक्का मात्र गप्प बसली नाही. ती बांधावर बसून आंबे चोखीत होती. पाडाचे, झाडावर पिकून पडलेले, एका बाजूला किंचित मार लागलेले. चार झाले, पाचवा हाती घेतला आणि ती म्हणाली, "तोडायचं तर तोड, बाळा. तुझं झाड हाय. पन त्याचं कलम तरी घिऊ दे."

म्हणजे बघा, तीस-पस्तीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवले मी, आणि हे सुचले चौथीपर्यंत शिकलेल्या अक्काला.

कोयीतून शेप्या परत येणार नाही हे तुम्हाला आत्ताच सांगितले. पण काडीतून येतो. काडी म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. ती दुसऱ्या रोपावर बसवली की वर वाढते ते शेप्याच. आणि त्यासाठी उन्हाळ्यातला हा फेरा फार उपयोगी पडतो. कारण कलम करायचे पावसाळ्यात, पण चव पाहून झाड निवडायचे ते आत्ता. जून-जुलैत झाडावर फळ नसते. कुठला शेप्या आणि कुठला गोट्या हे तेव्हा कोण सांगणार? म्हणून वैशाखात आंबा खा, आवडला तर झाडाच्या धन्याला विचारून बुंध्याला एक चिंधी बांधून ठेवा, आणि खाल्लेल्या कोयी फेकू नका. त्या धुवून, सावलीत सुकवून घरी आणा. माझी पोती त्यासाठी असतात. कोय कुठल्याही गावरान आंब्याची चालते. तिचे काम फक्त मूळ पुरवण्याचे.

रीत अवघड नाही. पाऊस सुरू झाला की कोयी ओलसर वाळूत टाकाव्या. रोप उगवून दहा-पंधरा दिवसांचे झाले, पाने अजून तांबूस, कोवळी आहेत, तोच ते कोयीच्या वर चार बोटे राखून कापावे. कापलेल्या तोंडाला मधोमध उभा छेद द्यावा. निवडलेल्या झाडाची तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची काडी घेऊन तिचे टोक पाचरीसारखे तासावे आणि त्या छेदात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. याला कोय कलम म्हणतात. एक खुबी मात्र विसरायची नाही: काडी तोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने, देठ ठेवून, छाटायची. तेवढ्या दिवसांत डोळे फुगतात आणि कलम लवकर धरते.

आता आठ दिवस आधी पाने छाटायला बीडहून कोण जाणार? मी मामेभावाच्या मुलाला फोन केला. मनात धाकधूक होती. ज्या झाडाचा त्याने सौदा केला त्याच्या काड्या जपायला त्याला सांगायचे, म्हणजे जखमेवर मीठच की! पण त्याने फोनवर नीट विचारून घेतले, किती जाडीची, देठ किती ठेवायचा. आणि आषाढात मी गेलो तेव्हा वीस काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तयार ठेवल्या होत्या. "दोन आमच्यासाठी बी बांधा," एवढेच तो म्हणाला.

वीस काड्यांची मी वीस कलमे बांधली. हात बसलेला नव्हता. अकरा तर महिन्याभरातच काळी पडली. चार थंडीत गेली. पाच जगली. शेप्या स्वतः गेला तो त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२३ मध्ये. मी पाहायला गेलो नाही.

पाचांपैकी दोन कलमे मामेभावाच्या मुलाला दिली. त्याने ती जुन्या जागी लावली नाहीत. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे सावली पडली तरी पिकाचे काही जात नाही, अशा खडकाळ कोपऱ्यात लावली. शेतकऱ्याचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला. कलमाचे झाड बुटके राहते, चढणारा गडी लागत नाही, हेही त्याने लगेच ओळखले. एक कलम धारूरच्या एका शिक्षक मित्राच्या अंगणात आहे. उरलेली दोन आमच्या बीडच्या घरामागे. मे महिन्यात त्यांना आठवड्याला दोन बादल्या पाणी लागते; भांडी विसळलेले चालते, साबणाचे नको.

यंदा माघात त्यांतल्या मोठ्या कलमाला पहिल्यांदा मोहोर आला. सहा तुरे. पुस्तकात लिहिले आहे, की पहिली चार वर्षे मोहोर खुडून टाकावा, म्हणजे झाडाचा जोम वाढीकडे जातो. मी पुस्तकाप्रमाणे वागलो. अक्का आता चौऱ्याऐंशीची आहे. तिला हे संध्याकाळी कळले. तिने मला जे ऐकवले ते आकाशवाणीवरून सांगण्याजोगे नाही. मग काठी टेकीत ती परसात गेली, झाडाभोवती फिरली, आणि मागच्या बाजूला, पानांआड, माझ्या हातून सुटलेला एक तुरा तिने शोधून काढला. त्याला तिने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. तुऱ्यावरच्या बारीक कैऱ्या एकेक करीत गळाल्या. चैत्राच्या वाऱ्यात सात होत्या त्यांच्या तीन झाल्या. तीन अजून आहेत, लिंबाएवढ्या. रोज सकाळी चहाच्या आधी अक्का त्या मोजून येते, आणि माझ्याकडे बघत नाही.